एमसी गडहिंग्लज, मुक्काम हौगांग

चौगुले ज्या दिवशी सरळ बोलतात, त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप असतो. एरवी ते यमकात बोलतात. सकाळी लिफ्टचं दार उघडलं की आत उभ्या असलेल्या माणसाला ऐकून घ्यावं लागतं: "आली लिफ्ट, सुरू झाली शिफ्ट, पुणेकर आज इस्त्री लईच स्विफ्ट." पुणेकर म्हणजे मी. स्विफ्ट इस्त्री म्हणजे काय, हे मी विचारत नाही. आठव्या मजल्यावरच्या चिनी अंकलना तर यातलं एक अक्षर कळत नाही, पण ते मान हलवून "स्टेडी, स्टेडी" म्हणतात आणि चौगुल्यांचा दिवस चांगला जातो.

सिंगापूरच्या हौगांगमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये दोनच मराठी घरं. एक आमचं, दुसरं समोरचं चौगुल्यांचं. वय अठ्ठेचाळीस, गाव गडहिंग्लज, धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधून पगार मिळवायचा. स्वतःची ओळख मात्र ते वेगळी करून देतात. "एमसी गडहिंग्लज. सदर्न हिप हॉप."

एमसी म्हणजे रॅप गाणारा, एवढं मला ठाऊक होतं; हे सदर्न प्रकरण पहिल्यांदा समजेना. त्यांनी यमक बाजूला ठेवून एका कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपावर समजावून सांगितलं.

"असं बघा. अमेरिकेत रॅपचीबी घराणी असत्यात. वर न्यूयॉर्कवाले. ते म्हणजे तुम्ही पुणेकर. शब्द एकदम स्पष्ट आणि तोंडावर भाव, की समोरच्याला काय कळतंय. खाली दक्षिणेला सदर्नवाले. ते म्हणजे आम्ही. शब्द सैल सोडायचा, खाली ढोल जाड ठेवायचा, आणि घाई करायची न्हाई."

"पण तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेचे कुठे आहात?"

"महाराष्ट्राच्या हाय की. आमच्या खाली डायरेक्ट कर्नाटक."

पुणेकरानं उरलेली कोपी संपवली.

त्यांचा स्टुडिओ घरातच होता. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये जाड काँक्रीटच्या भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. बॉम्ब पडला तर घरच्यांनी तिथं बसायचं, अशी सोय. बॉम्ब काही पडत नाही, म्हणून लोक तिथं तांदूळ, सुटकेसेस आणि लोणचं ठेवतात. चौगुल्यांनी तांदळाच्या पोत्याशेजारी माइक ठेवला. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, यापेक्षा एमसीला काय हवं. अडचण एकच. घरचं वाणसामानही तिथंच. त्यामुळे त्यांच्या पहिल्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर दार करकरतं आणि त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज येतो, "अवो, मोहरीचा डबा कुठं हाय?" चौगुल्यांनी तो काढला नाही. ऐकणाऱ्या सगळ्यांनी तोच भाग सगळ्यात चांगला असल्याचं सांगितलं.

त्यांच्या संगीताला सोवळंओवळं नव्हतं. खाली हलगी, त्यावर चिनी देवळातली झांज, मधेच एमआरटी मेट्रोचं दार मिटतानाची पिपी. एकदा त्यांना बाजारातल्या मासेवाल्या आंटीच्या सुरीचा ठोका आवडला. रेकॉर्ड करायला परवानगी मागितली, तर आंटी म्हणाली, "यू बाय, आय चॉप." मनासारखा ठोका मिळेपर्यंत पाच दिवस गेले. पाच दिवस आमच्याही घरी चौगुल्यांकडून मासे येत होते, आणि आमच्या घरी मासे खात नाहीत.

चौगुल्यांची एकच खोड मला कळत नव्हती. ताल इतका डोक्यात असलेला माणूस गाताना ठरलेल्या जागी चुकायचा. तिसऱ्या ओळीला बीटच्या आधी तरी यायचा, नाहीतर नंतर.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. अध्यक्षांना 'रॅप' हा शब्द पत्रिकेत नको होता. त्यांनी छापलं: 'लयबद्ध काव्यवाचन, श्री. चौगुले'. आधी नाट्यगीत, नंतर मोदक स्पर्धेचा निकाल, मधे चौगुले. काळा गॉगल, गळ्यात साखळी आणि कपाळावर गंध. दोन ओळी झकास झाल्या, तिसरीला गडी चुकला. तिसऱ्या रांगेत त्यांची मुलगी ऋतुजा बसली होती, वय सोळा. तिनं कपाळावर हात मारला, उभी राहिली आणि सगळ्या सभागृहासमोर हातानं मात्रा मोजून दाखवल्या. चौगुले तिच्या हाताकडे बघत पुढचं गायले. टाळ्या दोघांना पडल्या.

मग त्यांना रस्त्यावर गायचं वेड लागलं. इथं रस्त्यावर गायलासुद्धा परवाना लागतो आणि परवान्यासाठी ऑडिशन. लॅपटॉपचं बटण दाबायला ऋतुजाला नेलं होतं. परीक्षक बाईंनी प्रकार विचारला.

"सदर्न," चौगुले म्हणाले.

"साउथ इंडियन?"

"नो मॅडम. साउथ महाराष्ट्रियन."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. गाणं सुरू झालं, तिसरी ओळ आली, चौगुले चुकले. ऋतुजानं गाणं बंदच केलं. "बाबा, वन टू थ्री, देन यू कम इन, लाह. हाउ मेनी टाइम्स?" आणि तिनं स्वतः ती ओळ म्हणून दाखवली. मराठीत, गडहिंग्लजच्या हेलात, बरोबर समेवर. परीक्षक हसायला लागले. बाईंनी विचारलं, "सो, यू आर अ डुओ?" चौगुल्यांनी लेकीकडे पाहिलं. ती खांदे उडवून म्हणाली, "कॅन." म्हणजे इथल्या भाषेत, चालेल.

पुढे दीड-दोन वर्षं रविवारी दुपारी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी दोघं गायची. सायकलवाले थांबायचे, सुट्टीवरच्या फिलिपिनो बायका नाचायच्या. बाप चुकायचा, लेक थांबवून दुरुस्त करायची. लोकांना वाटायचं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

मग ऋतुजा शिकायला मेलबर्नला गेली. त्यानंतरच्या एका रविवारी मी चौगुल्यांबरोबर ईस्ट कोस्टला गेलो. त्या दिवशी ते एकटेच तासभर गायले. सामान आवरताना मी म्हणालो, "चौगुले, आज एकदाही चुकला नाहीत."

ते वायर गुंडाळत राहिले. मग यमक न जुळवता म्हणाले, "मी कधीच चुकत न्हाई वो. ल्हानपणी कुस्तीच्या मैदानात हलगीवाल्याच्या शेजारी हुबा ऱ्हायचो. ताल हाडात हाय."

"मग इतकी वर्षं?"

"ऋतू नववीत गेली आणि बोलायची बंद झाली. फाइन, ओके, कॅन. तीन शब्दांत दिवस जायचा. खोलीचं दार कायम लावलेलं. एकदा भांडी पुसता पुसता तिच्या खोलीतनं यायचं तसलं गाणं म्हणत हुतो. ते सदर्न असतंय हेबी मला ठाव नव्हतं. ताल चुकला. ती दार उघडून भाईर आली आणि कुठं चुकलं ते पंधरा मिनटं सांगत बसली." त्यांनी वायरीला गाठ मारली. "मग म्हटलं, चुकायला आपल्याला काय हुतंय."

पुढच्या शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात चौगुले.

"पुणेकर, जरा स्टुडिओत येऊन बसतासा? म्या गातो. तुम्ही फकस्त चुकलं म्हणायचं."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायला कशाला पायजे?"

मी गेलो. लोखंडी दार उघडं ठेवून तांदळाच्या पोत्यावर बसलो. चौगुले गायला लागले. दोन ओळी झाल्यावर मी अंदाजानं म्हणालो, "चुकलं."

"कुठं?"

"तिसऱ्या ओळीत असेल."

"तिसरी अजून यायची हाय."

एवढ्यात सुनंदावहिनी ओले हात पदराला पुसत दारात आल्या. माझ्याकडे बघून जरा संकोचल्या, मग नवऱ्याला म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीतच चुकलंय. 'गाव'च्या आदी एक मात्रा सोडायची ऱ्हायली."

चौगुल्यांनी हेडफोन काढला. दुसरी ओळ ओठांत म्हणून बघितली. बोटांवर मोजली. या वेळी ते खरोखरच चुकले होते.

"तुला ह्यातलं कळतंय व्हय?"

"इतकी वर्सं डबे काढायला येता-जाता ऐकतीया," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी इचारलं न्हाई."

  चौगुल्यांनी गाणं मागे नेऊन पहिल्या ओळीवर ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं.

मी पोत्यावरून उठलो. तिथं एकाच माणसाला बसायला जागा होती.