बोलचाल बंद असलेला ओळखदार

नोटरीपुढे शपथपत्र करायचं तर ओळख द्यायला सोबत एक माणूस लागतो. लोक दोस्त आणतात, साळा आणतात. आमचे नोटरी गोविंदभाऊ, त्यांना मात्र दुश्मन लागे.

"ज्याच्याशी तुयी बोलचाल बंद हाय, त्याले आण," ते पक्षकाराला सांगत. "दोस्त तुयासाठी खोटं बोलन. दुश्मन काऊन बोलन?"

त्या काळी चांद्याला कचेरीसमोर त्यांची खोली होती आणि दारात माझा टाइपरायटर. कायदा एवढंच म्हणतो, की नोटरीने माणसाला स्वतः ओळखावं, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. दुश्मनाचं कलम भाऊंनी पदरचं घातलेलं. गंमत म्हणजे दुश्मन हौसेने येत. मूल गावचे दोघे सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अबोला धरून होते. थोरला सही करताना म्हणाला, "हाच तो नालायक. लाखात वळखीन!" गोविंदभाऊ खूश. "टाइप कर रे, ओळख पटली!" ते दोघे एकाच बैलबंडीतून परत गेले, एकमेकांना शिव्या देत. निदान बोलत तरी होते.

मला हे सगळं खूळ वाटे. तरी नव्या पक्षकाराचा दुश्मन कोण निघतो हे बघायला मी हातातलं काम सोडून मान वर करीच.

एकदा कुरखेड्याकडची सोनाबाई आली. नवरा गेल्यावर पोरीला चांद्याच्या अनाथाश्रमात ठेवून ती उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायच्या मजुरीला गेली होती. आता न्यायला आली, तर आश्रमातल्या जुन्या बाई बदलून गेलेल्या. नव्या बाई म्हणाल्या, आई असल्याचं शपथपत्र आणा, मगच पोर मिळेल.

"तुयाशी कोन भांडलं हाय?" भाऊंचा ठरलेला प्रश्न.

"पोरगीच," सोनाबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. "हे मायी माय नाई म्हनते."

भाऊंनी शिक्का पिशवीत टाकला आणि मला टाइपरायटरसकट उठवलं.

आश्रमाच्या ओसरीत सात-आठ वर्षांची पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. भाऊ म्हणाले, "हे तुयी माय नाई ना? मंग मी हिले गावाले धाडून देतो."

"धाडा!" पोरगी गर्रकन वळली. "तेंदूपत्ता सरला का येईन म्हने! धान कापून झाला! मी इथी रोज वाट पाहून राह्यली!" आणि ती सोनाबाईच्या पोटावर दोन्ही मुठींनी मारत सुटली. सोनाबाई मार खात तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मला टायपिंग सुचेना.

नव्या बाई भाऊंच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. डोळे पुसत त्यांनीच ओळखदार म्हणून सही केली.

परतताना मी थट्टा करायला गेलो. "भाऊ, पोरगी भलतीच भांडकुदळ निघाली!"

ते हसले नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. ते लग्न त्यांनी तिच्या मनाविरुद्ध लावलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मायी कमल येते ना दिवाळीले," भाऊ म्हणाले, "तं वाकून पाया पडते. 'आपली तब्येत कशी आहे' म्हनून इचारते. एका शब्दानं भांडत नाई रे."