कयाकचं मागचं टोक

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. आधी गद्रे गेले, गेल्या वर्षी खांबेटेही गेले. आता ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि मीही ऐंशीचा झालो.

खांबेटे कोथरूडला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. पार्किंगमध्ये त्यांची बारा फुटी नारिंगी कयाक असे, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. रोज सकाळी सात वाजता लाइफ जॅकेट घालून ते तिच्यात बसायचे आणि फरशीवर वल्हं मारायचे. कुणी दुधाची पिशवी घेऊन आलं तर वल्हं उचलून म्हणायचे, "जा. आत्ता लाट नाही."

घराणं कट्टर शाकाहारी. तरी दर रविवारी मुळशीकडच्या एका तळ्यावर गळ टाकायला जायचे. मासा लागला की हलक्या हाताने त्याच्या तोंडातली गरी काढायची, त्याच्याकडे नीट बघायचं आणि पाण्यात सोडायचा. "खायचं काय त्यात? ओळख झाली, पुरे."

बरोबर तिसऱ्या मजल्यावरचे गद्रे असायचे. त्यांना मासेमारीत काडीचा रस नव्हता. ते कयाकचं मागचं टोक धरायचे. पार्किंगमधून गाडीच्या टपावर, टपावरून पाण्यापर्यंत. मग काठावर शब्दकोडं सोडवत बसायचे आणि तासाभराने ओरडायचे, "खांबेट्या, निघू या, की अजून कुणाची चौकशी राहिलीय?"

आता माझा भाग. कयाकचं नाक माझ्या स्कूटरच्या जागेत वीतभर यायचं. आयुष्यभर शाळेत मुलांना 'स्पष्ट बोला' म्हणून शिकवलेल्या मला हे तोंडावर सांगवेना. मी तक्रारपेटीत बिनसहीचं पत्र टाकलं. "सामायिक पार्किंग हे बंदर नव्हे. कृपया नोंद घ्यावी." अक्षर मुद्दाम बदललं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिलेलं ते पत्र घेऊन खांबेटे माझ्याकडेच आले.

"सर, तुम्ही इतके पेपर तपासलेत. हे कुणाचं अक्षर असेल?"

मी चष्मा पुसत बसलो.

"असले टोमणे गद्रेच मारतो," ते म्हणाले. "दर रविवारी येऊन कंटाळला असेल. पण मग सांगायचं की. गद्रेच असेल का हो?"

"असेल," मी म्हणालो.

एवढंच. खांबेट्यांनी गद्र्यांना काही विचारलं नाही, नुसतं बोलणं बंद केलं. गद्र्यांना कारण कळेना, आणि तेही विचारायला गेले नाहीत. "त्याला बोलायचं नसेल तर मी काय अर्ज करू?" असं मला जिन्यात म्हणाले.

पुढच्या रविवारी कयाक एकट्याने टपावर चढवताना खांबेट्यांनी गाडीची मागची काच फोडली. आणि मग जे सुरू झालं, त्यात अख्खी सोसायटी गुंतून गेली.

पहिल्यांदा नातवाच्या बाबागाडीची चाकं लावून एक गाडा झाला. तो फाटकाच्या उतारावरून सुटला आणि कयाक थेट वॉचमनच्या केबिनमध्ये शिरली. मग गाडीच्या टपाला मागच्या बाजूने फिरणारा रूळ बसला. त्याच्या प्रात्यक्षिकाला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. "पुढचं टोक रुळावर टेकवा, मागून ढकला. बघा, एकट्याला जमतं." कयाक सरसर वर गेली. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

मग पीव्हीसी पाइप कापून गळाच्या काठ्या उभ्या करायच्या नळ्या आल्या. वल्ह्याऐवजी पायाने मारायची पायडलं आली. पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र आलं, ते आधी सोसायटीच्या टाकीत सोडून बघितलं. खांबेट्यांनी जाहीर केलं, "मासा नाही. पाणीसुद्धा बेताचंच आहे." सगळे हसले. गद्रे गॅलरीतून बघत होते. ते आत निघून गेले.

शेवटी बारा फुटी कयाक देऊन टाकून त्यांनी घडीची आणली. घडी केली की मोठ्या बॅगेएवढी, पाठीवर घ्यायची. मला दाखवायला ते ती पाठीवर घेऊनच आले, इतका आनंद झाला होता.

"दहा मिनिटांत उघडते, सर. लिफ्टमध्येही मावते. काल घेऊन जाऊन बघितली."

"तुम्ही तर तळमजल्यावर राहता."

"हो. तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली."

"मग?"

"मग काय, बेल नाही वाजवली. आणली खाली."

कयाक उघडल्यावर मी बघितलं, तिला दोन सीट होत्या.

त्या रविवारी मागच्या सीटवर मी बसलो. तळ्याच्या मध्यावर आल्यावर खांबेटे पाठमोरेच म्हणाले, "इतकी अवजारं केली, पण खरं सांगू का? मागचं टोक धरायला माणूस होता, तेव्हा यातलं काही लागत नव्हतं. त्याने ते पत्र का लिहिलं असेल हो?"

"खांबेटे," मी म्हणालो, "ते पत्र गद्र्यांनी..."

त्यांनी मागे न बघता हात वर केला. काठीचं टोक थरथरत होतं.

"श्. आत्ता नको, सर. निसटेल."

मी थांबलो. थांबायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं. चिलापी मासळी होती, तळहाताएवढी. ती पाण्यात सोडून त्यांनी ओले हात पँटला पुसले.

"हां, काय म्हणत होतात?"

"काही नाही. हा जॅकेटचा पट्टा जरा घट्ट होतोय."

होडी डगमगू न देता ते हळूच मागे वळले आणि त्यांनी माझा पट्टा सैल करून दिला.