हळद लागलेला फोन

लग्नात मुलीच्या बापाकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी मात्र आधीच ठरवून टाकलं होतं की वेदिकाच्या लग्नात लोक नवरदेवाच्या खालोखाल मलाच बघणार! म्हणून तर ऐन हळदीच्या सकाळी एमजी रोडला जाऊन मी चेहरा ओळखणारा फोन घेऊन आलो.

"आकडे टाकायचे, बोट घासायचं, हे दिवस गेले!" मी घरात जाहीर केलं. "आता हा चेहरा हीच किल्ली!"

"किल्ली जरा झिजलेली आहे," छाया पुऱ्या लाटता लाटता म्हणाली. बायकोला तंत्रज्ञानातलं काय कळतं!

सातपूरच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासायला असतो. केसाएवढा फरक ओळखणं हे माझं काम, त्यामुळे ओळखणारं यंत्र म्हटलं की ते मला आमच्याच खात्यातलं वाटतं. आणि या फोन कंपन्यांचं तर मला मनापासून कौतुक आहे. काय ती चढाओढ! एका कंपनीने फोनला चेहरा ओळखायला शिकवलं आणि त्यासाठी लागणारी यंत्रं काचेच्या डोक्यावर काळ्या पट्टीत बसवली. झालं! दुसऱ्या कंपनीने ती काळी पट्टी जशीच्या तशी उचलली, फक्त आतली यंत्रं उचलायची राहून गेली. तिसरीने तर पट्टी आणखी रुंद केली! लोक हसतात, मी हसत नाही. आमच्या मखमलाबादेत एकाने गुलाबासाठी पॉलिहाऊस टाकलं, तर शेजारच्याने नुसताच सांगाडा उभा करून आत मेथी लावली होती. मेथी काही वाईट आली नाही. नक्कल करायलाही धमक लागते हो!

ही धमक माझ्या साडूंमध्ये, म्हणजे जीवनरावांमध्ये, काठोकाठ भरलेली आहे. माझ्या बायकोची धाकटी बहीण शुभांगी, तिचे हे मालक. येवल्यात त्यांचं पैठणीचं दुकान आहे. मी घराला निळा रंग दिला की येवल्यात निळा रंग लागतो. मी मिशी वाढवली की तिकडे मिशी फुटते. हे सगळं कोणासाठी? तर आमच्या सासूबाईंसाठी! इगतपुरीच्या अंबूबाईंचा जास्त लाडका जावई कोण, याचा निकाल इतकी वर्षं लागलेला नाही आणि दोन्ही उमेदवार अजून मैदानात आहेत.

त्यात सासूबाई पायरीवरून घसरल्या आणि लग्नाच्या तोंडावर त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. वेदिका शाळेत जायला लागेपर्यंत त्यांच्याकडेच वाढलेली. छायाची नोकरी, माझ्या कारखान्यातल्या पाळ्या; पोरीला न्हाऊमाखू घातलं ते आजीनेच. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"जावईबापू, मला साडी नको, जेवान नको. पोरीवर अक्षता पडताना या डोळ्यांना दिसू द्या. बास."

मला गलबलून आलं. मी तिथल्या तिथे बंदोबस्त केला. त्यांचा फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून पलंगासमोर उभा केला आणि माझा व्हिडिओ कॉल आला की तो आपोआप उघडेल असं करून दिलं. फक्त माझा! जीवनरावांचा कॉल नुसताच वाजत राहील. हे थोडं राजकारण झालं, पण थोरल्या जावयाला एवढी मुभा असावी. शेजारच्या गोजराबाई सोबतीला राहणार होत्या. दोघींना मी पुन्हा पुन्हा बजावलं, "काही झालं तरी फोनला हात लावायचा नाही! लावला की बिघडलाच!"

"नाय लावत बापू," गोजराबाई फोनपासून दोन हात मागे सरकून म्हणाल्या.

तर हळदीचा दिवस. अंगणात मांडव, बायकांची गाणी, आणि मधोमध जीवनराव! त्यांच्या हातात नवा कोरा फोन. काळी पट्टी असलेला. कंपनी दुसरी!

"दादा, हे बघा, नुसतं बघितलं की उघडतो!" ते म्हणाले. उघडला.

मी बघायला वाकलो, तर माझ्यासमोरही उघडला. शुभांगीसमोर उघडला. मांडववाला चिमाजी दोरी मागायला आला होता, त्याच्यासमोरही उघडला!

"मनमिळाऊ आहे," जीवनराव जराही न डगमगता म्हणाले. "आता तुमचा दाखवा!"

इथे एक छोटीशी अडचण होती. घाईगर्दीत माझ्या फोनला मी अजून चेहराच दाखवला नव्हता. आणि तोवर वेदिकाची उष्टी हळद घेऊन बायकांनी मला गाठलं होतं! मुलीचा बाप सापडल्यावर कोण सोडतं? कपाळ, गाल, भुवया, मिशी, कान, सगळं एका रंगात लिंपून काढलं. आरशात मला नुसते दोन डोळे दिसत होते.

"धुऊन येतो," मी म्हणालो.

"राहू द्या दादा. नसेल उघडत तर नसेल," जीवनराव इतक्या प्रेमाने म्हणाले की माझं डोकंच फिरलं.

तिथल्या तिथे फोन तोंडासमोर धरला. त्याने आधी काही आकडे मागितले. मनात आले ते टाकले आणि विसरूनही गेलो. आकडे लक्षात ठेवायचे ते चेहऱ्यावर भरवसा नसलेल्या माणसांनी! मग तो म्हणाला डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा. मी बघितलं. आणि काय सांगू! नंतर फोन नुसता वर केला की टक्कन उघडायचा. जीवनरावांसमोर ढिम्म. चिमाजीसमोर ढिम्म. माझ्यासमोर टक्कन! शेजारपाजारचे लोक बघून जात होते. जीवनरावांचा चेहरा पडला आणि माझ्या आयुष्यातली ती संध्याकाळ सोन्याची, निदान सोनेरी, झाली.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न. पहाटेच घासून घासून आंघोळ केली. मिशीला काळा कलप, पीळ, डोक्यावर गुलाबी फेटा. फोन सकाळपासून छायाच्या पिशवीत होता. मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला. पलीकडे आमचे होणारे जावई समर्थराव, अलीकडे मामाशेजारी वेदिका. गुरुजींनी माइकवर पहिलं मंगलाष्टक सुरू केलं आणि मी ऐटीत फोन तोंडासमोर धरला.

ढिम्म!

मी हसून बघितलं. ढिम्म. मी फेटा वर सरकवला. ढिम्म! काचेवर अक्षरं आली: 'चेहरा ओळखता आला नाही.' माझा! मालकाचा! आणखी दोनदा चुकलं तर आता आकडेच टाकावे लागतील, अशी वर धमकी!

"अहो, आईला लावा ना! ती वाट बघत असेल," छाया कुजबुजली.

"हा मला ओळखत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कोण असं विचारतोय!"

छायाने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाण्याच्या मागे जाळ होता. "आईने एवढं एकच मागितलंय," ती म्हणाली. त्या क्षणी फोन, कंपनी, मान, सगळं माझ्या डोक्यातून उतरलं. पलंगावर बसून बिस्किटांच्या डब्याकडे बघणारी म्हातारी तेवढी दिसायला लागली.

आणि मी जीवनरावांकडे वळलो. होय, स्वतःहून! "जीवनराव, तुमच्या फोनवरून लावा!"

त्यांनी लगेच लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. इगतपुरीत दोन म्हाताऱ्या हात मांडीत घट्ट धरून त्या वाजणाऱ्या फोनकडे बघत बसल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. मी बजावलंच तसं होतं! फोन वाजून बंद पडला की गोजराबाई म्हणायच्या, "बापूंनी सांगितलंय, हात लावायचा नाय."

गुरुजींचं दुसरं मंगलाष्टक संपलं. लोकांनी अक्षता टाकल्या. तिसरं सुरू झालं. घाईघाईत मी पुन्हा फोन तोंडासमोर धरला. ढिम्म. आता एकच संधी उरली होती!

"दाजी," शुभांगी माझ्याकडे टक लावून म्हणाली, "काल फोनला चेहरा दाखवला तेव्हा तुम्ही पिवळे होतात ना?"

मी गार पडलो. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासला आणि स्वतःचा नमुनाच खोटा भरला! फोनची काही चूक नव्हती. उलट केवढा प्रामाणिक फोन! त्याचा मालक पिवळा, बिनमिशीचा, बिनभुवयांचा होता. हा काळ्या मिशीचा गुलाबी गृहस्थ कोण, असं त्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

"हळद!" मी ओरडलो.

शुभांगी प्रवेशद्वाराकडे धावली. तिथे पाहुण्या बायकांना लावायला हळदीकुंकवाचं तबक होतं. पण ती परत येईपर्यंत गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकाकडे वळले. तेवढ्यात, काय सांगू, जीवनराव उडी मारून माइकपाशी गेले!

"गुरुजी, थोडं आमच्या घरचं मंगलाष्टक!" असं म्हणून त्यांनी सूर लावला. सूर लागला नाही, पण ते थांबलेही नाहीत. त्यात त्यांनी आमच्या सगळ्या आत्या घातल्या, मावश्या घातल्या, येवला घातलं, घाट घातला, वाटेतली स्टेशनं घातली. नवरदेवाचे वडील बहिरूअण्णा घड्याळ दाखवत होते, आणि जीवनराव डोळे मिटून द्राक्षांचं वर्णन करत होते. माझी बरोबरी करण्यासाठी जन्म घालवलेला माणूस माझ्यासाठी चारचौघांत स्वतःचं हसं करून घेत होता! मला त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

पण माझ्या तोंडावर काम चालू होतं. छायाने बाटलीतलं पाणी ओतून तबकातच हळद कालवली आणि दोघी बहिणींनी दोन बाजूंनी मला सारवलं. कपाळ, भुवया, कलप लावलेली मिशी, सगळं पिवळं! वऱ्हाडी वेदिकाला सोडून मला बघायला लागले. माझी इच्छा पुरी झाली म्हणायची.

"फेटा काढा!" छाया म्हणाली. काढला. शेवटची संधी. मी देवाचं नाव घेतलं आणि फोन वर केला.

टक्कन!

मी कॉल लावत माइकपाशी पळालो, कारण वधूवर तिथून नीट दिसत होते. पलीकडे फोन आपोआप उघडला. इतकी वर्षं ज्यांच्या कौतुकासाठी झटलो, त्या सासूबाई समोर दिसल्या. मुठीत अक्षता घेऊन ताठ बसलेल्या! शेजारी गोजराबाई. मी आनंदाने दात दाखवून हसलो.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. मग त्यांच्या तोंडाचा आ झाला. आणि माइकमधून, मोठ्या भोंग्यांतून, साऱ्या लॉन्सवर त्यांचा आवाज घुमला:

"गोजरे, अगं बघ की! ह्यो नवरा? अगं, ह्यो तर लय म्हातारा हाय!"

जीवनराव द्राक्षांवरच थांबले.

"थांबवा! थांबवा ते लगीन!" सासूबाई रडायला लागल्या. "माझ्या फुलासारख्या पोरीला ह्यो टकल्या कुठून शोधला? आमच्या थोरल्या जावयाला, वाल्मीकरावांना, काय डोळं नाय का?"

"दातबी किडल्यात," गोजराबाईंनी भर घातली.

बहिरूअण्णा उठून उभे राहिले. अंतरपाटामागून समर्थरावांनी घाबरून डोकं बाहेर काढलं. वेदिका मुंडावळ्यांआडून हसत होती, इतकी की मामाने तिला धरून ठेवलं. मी कसाबसा कॅमेरा फिरवला.

"आजी, मी इकडे!" वेदिका ओरडली.

"बाई गं... माझी वेदू!" पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि ह्यो पोरगा व्हय? ह्यो चांगला हाय. व्हऊ द्या, व्हऊ द्या!"

गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली आणि पोरीवर अक्षतांचा पाऊस पडला. त्याच वेळी सासूबाईंनीही मूठ उघडून समोरच्या फोनवर अक्षता टाकल्या. त्यांच्या काचेवर तांदूळ टपटपले ते आम्हाला इथे ऐकू आलं. छाया हुंदके देत होती. मीही रडलो, त्यामुळे हळदीचे दोन ओघळ शर्टावर आले.

"आई, दिसलं ना सगळं?" छायाने विचारलं.

"दिसलं गं. डोळं निवलं." मग त्या म्हणाल्या, "पण मगाचा तो पिवळा मानूस कोन व्हता?"

"तुझे थोरले जावई."

पलीकडे गोजराबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, "मंग ते गानं म्हननारं धाकलं होतं ना? लय गोड म्हनत होतं."

आता बोला! ज्याला सूर सापडत नाही तो गोड, आणि फोनने ओळखलेला मी पिवळा माणूस!

पण मला वाईट वाटलं नाही. जीवनरावांनी ते कौतुक कमावलं होतं. वरात निघताना मी त्यांना खरोखर मिठी मारली आणि त्यांचा नवा सदरा पिवळा केला.

परवा त्यांचा येवल्याहून फोन आला. आलेला फोन घ्यायला चेहरा लागत नाही, एवढं बरं आहे.

"दादा, मीपण तुमच्याच कंपनीचा फोन घेतला! काय ओळखतो हो! एक विचारू? ती हळद सांगलीची होती की घरी कुटलेली?"

"घरी कुटलेली," मी सांगितलं.

सांगलीचीच होती. पण चढाओढीत सगळंच कसं सांगून टाकायचं!