रोज नवा बिघाड

चिंधूकाकांचं पिस्तूल रोज बिघडायचं. अधूनमधून नव्हे, रोज. सकाळी दरबारी हत्यारं ठेवायच्या शिलेखान्याच्या पडवीत घोंगडी अंथरून ते बसत, आणि समोरून हवालदार येताना दिसले की कपाळाला हात लावत. "या हवालदार. आज परत काय तरी झालंय बघा याला."

पिस्तूल जव्हार दरबारचं, सहाबारी, जुन्या चालीचं. त्याच्या फिरत्या चक्रात सहा खण. प्रत्येकात दारू ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या स्वारीपुढे, त्याचे सहा बार निघत. गोळी नसे. दारूवर नागलीच्या पिठाचा गोळा दाबलेला असे. त्यामुळे स्वारी निघाली की चौकभर भाकरी करपल्याचा वास सुटे आणि पोशेऱ्याहून पायी आलेल्या आम्हा मंडळींना फार भूक लागे. उरलेलं वर्षभर ते रिकामं पिस्तूल सांभाळणं ही काकांची नोकरी.

हवालदार संस्थानच्या शिपाईपथकातून घरी बसलेले. बायको वारलेली, मुलगा मुंबईला गोदीत. हातांना कंप. मिशी मात्र अजून नोकरीत होती. पिस्तूल कानाशी धरून ते घोडा ओढत.

"चक्र अडतंय, चिंधू."

"काजळी असंल."

"काजळी नाय रं, कमान ढिली हाय. इतकी वर्सं हितं काय भाकऱ्या भाजल्यास?"

"म्हातारा झालो, हवालदार."

"आन् मी काय पाळण्यात हाय?"

मग दुपारपर्यंत दुरुस्ती चाले. कुणी लवकर आटपा म्हटलं की काका विचारत, "घाई कोनाला हाय?" खुद्द महाराजांनाही त्यांनी हेच विचारलं असतं, असं मला वाटतं. खात्री करून घ्यायचं धाडस झालं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे शिकवलं होतं की निरीक्षणं नोंदवत गेलं की कारण सापडतं. सुटीत आलो आणि मी वही उघडली. सोमवार, पेच सैल. मंगळवार, टोपी बसते त्या बोंडीत मेण. बुधवार, कमानीखाली काडी. पावसाचा रकाना आखला, उन्हाचा आखला. काहीच जुळेना. शेवटी एक गोष्ट जुळली. हवालदार सोयऱ्यांकडे मोखाड्याला गेले होते ते तीन दिवस पिस्तूल ठणठणीत होतं.

हा शोध सांगायला मी मोठ्या आनंदाने भल्या सकाळी गेलो. काका पाठमोरे बसून पेच सैल करत होते.

मला पाहून ते लाजले. एवढ्या मोठ्या माणसाला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"घरात बसून भिंतीशी बोलाय लागला होता त्यो," ते म्हणाले. "हात कापतो म्हून कुनी कामाला बोलवीत नाय. माज्याकडं तरी काय हाय द्यायला? एवढा बिघाड हाय. बोलू नको त्याला."

मी बोललो नाही. पण नव्या कारभारीसाहेबांनी "कॉलेजात काय शिकतोस?" असं विचारलं तेव्हा मी, माझी अक्कल, ती वही पुढे केली. मोखाड्याची ओळ खोडली होती. बिघाडांची यादी तशीच होती. साहेबांनी हुकूम काढला. रोज बिघडणारं पिस्तूल स्वारीपुढे नको. उद्या सर्वांसमक्ष सहा बार काढून दाखवावेत. एक जरी चुकला तर पिस्तूल मोडीत आणि पडवीला कुलूप.

हुकूम मीच काकांना वाचून दाखवला. "नाय वाजलं तर पडवी जाते," ते म्हणाले. "आन् एकदम झ्याक वाजलं, तर हवालदारांना कळतं, बिघाड मीच करतो ते."

दुसऱ्या दिवशी चौकात गर्दी जमली. पहिला बार निघाला. दुसरा, तिसरा. भाकरीचा वास सुटला. चौथ्याला काकांनी घोडा ओढला आणि चक्र जागच्या जागी अडलं.

काका पांढरे पडले. आपण न केलेला बिघाड त्यांना कित्येक वर्षांत भेटलाच नव्हता.

"चापावरचं बोट काढ!" गर्दीतून हवालदार ओरडले. "तोंड आभाळाकडं कर! फुटकी टोपी आत गेलीय, घोड्याखाली. श्रावणात नव्हतं का झालं? इसरलास?"

ते पुढे झाले. करवंदीचा काटा घोड्याखाली घातला. हात थरथरत होता, आणि त्या थरथरीनेच तांब्याचा तुकडा सुटून खाली पडला. इतक्या लवकर तो स्थिर हाताने निघाला नसता, हे मी शास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो.

चौथा. पाचवा. सहावा. पोरं नाचली.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"दुरुस्ती यांची, साहेब," काका म्हणाले. "मी नुसता वाजवतो."

"रोज बिघडतं, रोज करतो," हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हून तर वाजलं."

साहेब हसले. पिस्तूल राहिलं, पडवी राहिली.

पुढच्या सकाळी मी गेलो तेव्हा हवालदार पिस्तूल तपासत होते. चक्र फिरवलं, घोडा ओढला, बोंड्या एकेक पाहिल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं. कालच्या आनंदात ते पेच सैल करायला विसरले होते.

"चिंधू," हवालदार म्हणाले, "आज काय बिघाड नाय याच्यात."

काकांनी घाईघाईने पिस्तूल परत घ्यायला हात पुढे केला.

हवालदारांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि कमरेची पानाची चंची सोडली.

"सरक की जरा," ते म्हणाले. "मला ऊन लागतंय."