नामा आल्याशिवाय

ठोंबरे अण्णा रोज सकाळी कंपनीच्या कॉम्प्युटरला पंगतीला बसवत असत. त्या पंगतीतून त्यांना मी उठवलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पण अण्णांविषयी लिहायचं आणि एवढंच गाळायचं, तर मग न लिहिलेलं बरं.

मोहोपाड्याला रसायनांच्या एका कारखान्यात आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होतो. मी इनचार्ज, अण्णा ऑपरेटर. मी कर्जतहून येत असे, अण्णा कुंभिवलीहून सायकलने. जमीन कारखान्यात गेली म्हणून ज्यांना नोकरी मिळाली, त्यांच्यातले ते. भर मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत असताना हा मनुष्य अंगात स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी घालून फाटकातून आत येई. आमच्या खोलीत एसी होता, त्याची ही तयारी.

"अण्णा, आत आल्यावर घाला की!"

"आत आल्यावर येळ कुठला? ती समदी ताटकळली असतात."

ती समदी म्हणजे डिस्का. आमच्या यंत्राला दोन डिस्का होत्या. पहिलीच्या आत वाटण्या पाडलेल्या होत्या. एका भागात यंत्राचा स्वतःचा कारभार, एकात पगार, एकात हिशेब. दुसरी डिस्क मागून आली होती, तिची पेटी वेगळी. तिच्यात स्टोअरचा सगळा माल. यंत्र सुरू झालं की कारभाराचा भाग आपला आपण जागा होई. बाकीचे जागच्या जागी असत, पण यंत्राला ते दिसत नसत. एकेकाला हुकूम देऊन त्याच्या जागेवर आणून जोडावं लागे, तेव्हा कुठे तो कामाचा.

अण्णांनी यावर आपली भाषा बसवली होती. कारभाराचा भाग म्हणजे 'थोरला'. पगार 'बाळाराम', हिशेब 'काशिनाथ' आणि स्टोअरची दुसरी डिस्क 'नामा'. सकाळी यंत्राचं बटण दाबलं की अण्णांचा पुकारा सुरू होई.

"थोरला उठला. बाळाराम, बस रं. काशिनाथ, तू बी बस. नामा... ये रं नामा. हितंच हाय सगळी. थांबलोय आमी."

नामा फार रेंगाळे. ती डिस्क थंड असली की तिला वेग धरायला वेळ लागायचा. अण्णा तिच्या पेटीवर तळवा ठेवून उभे राहत, गुरगुर पुरेशी चढली की मगच हुकूम देत, आणि नामा बसला की बाहेर वळून ओरडत, "वाढा आता!" तोवर स्टोअरवाल्यांनी, पगारवाल्यांनी आपापल्या टर्मिनलपुढे हात बांधून बसायचं. मॅनेजरसाहेब काचेपलीकडून घड्याळ दाखवत. अण्णा त्यांना तळहात दाखवत.

ही बैलांची नावं आहेत असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. स्टोअरमधला पाटील तर विचारायचाच, "काय अण्णा, आज नामाला पेंड घातली नाय वाटतं?" अण्णा हसत नसत, रागावतही नसत. "येल रं, येल," म्हणत.

'हाय पन बसला नाय' हे त्यांचं पालुपद. बस थांब्यावर उभी आहे पण ड्रायव्हर चहाला गेलाय, म्हणजे 'हाय पन बसला नाय.' मीटिंगमध्ये साहेबांचं लक्ष खिडकीबाहेर, तरी तेच. कॅन्टीनमध्ये टेबलावरचा शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत ते कुणाला घास उचलू देत नसत. मला एकदा भूक आवरली नाही आणि मी डब्याचं झाकण काढलं, तर म्हणाले, "ठेव रं रमाकांत. भुतावानी एकला काय खातोस?"

खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटे. चाळिशीत मला या यंत्राचं शिक्षण मिळालं होतं, इनचार्जच्या जागी अजून कायम झालो नव्हतो, आणि माझ्या खोलीचा दिवस एका माकडटोपीच्या पुकाऱ्याने सुरू होत होता. हे भाग यंत्र सुरू होताच आपोआप जोडले जावेत अशी सोय यंत्रात होती. त्यासाठी एक यादी असते, तिच्यात कोण कुठे जोडायचा ते लिहायचं. यंत्र बसवणारा इंजिनिअर ती यादी मुद्दाम मोकळी ठेवून गेला होता, कारण यादी कुणासाठी थांबत नाही. हाक मारते, आला तर आला, नाही तर पुढे जाते.

एकदा अण्णा तापाने आडवे झाले. मी संधी साधली. यादी भरली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं, सगळे भाग फटाफट जोडले गेले. दिवसभर चालून तापलेल्या यंत्रावर मी ते करून पाहिलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पाहुण्यांना घेऊन आले. "बघा, आता कुणी काही करायला नको," ते पाहुण्यांना म्हणाले. मी बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. बाळाराम जोडला गेला. काशिनाथ जोडला गेला. मग एक ओळ आली, की दुसरी डिस्क तयार नाही. ती ओळ वर सरकत सरकत नाहीशी झाली. मी ती वाचली होती. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. मी बाहेर वळून म्हणालो, "करा सुरू." मागून बघू, असं मनात म्हटलं, आणि दिवसभर बघितलं नाही.

त्या दिवशी स्टोअरवाल्यांनी भरलेल्या नोंदी नामात गेल्याच नाहीत. नामासाठी राखलेली जी रिकामी जागा थोरल्याकडे असते, तिच्यात पडत राहिल्या. पानावर कुणी नसताना वाढपी वाढतच गेले म्हणा ना.

पुढच्या सकाळी अण्णा तापाने उतरलेल्या तोंडाने कामावर आले. बाळाराम आणि काशिनाथ आधीच बसलेले पाहून चकित झाले. "शहाणी झाली रं पोरं!" नामा मात्र नव्हता. त्यांनी पेटीवर हात ठेवला, थांबले, आणि त्याला रीतसर बसवलं. तो आपल्या पानावर बसला, आणि आदल्या दिवशीचं सगळं वाढलेलं त्याच्याखाली झाकलं गेलं. गेलं काहीच नव्हतं, दिसेनासं झालं होतं.

पाटील बोंबलत आला, "कालचं सगळं गायब!"

साहेबांनी विचारलं, "कुणी हात लावला?"

"मी," अण्णा म्हणाले. "नामाला बसवला."

"बसवला? पुसून टाकलंत सगळं!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

काय झालं असेल ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या ध्यानात आलं. मी नामाला उठवलं, खालच्या नोंदी काढल्या, त्याला परत बसवून त्याच्या हवाली केल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. अण्णांनी घालवलेलं मी परत आणलं, असंच सगळ्यांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं. त्याच आठवड्यात अण्णांना फाटकाजवळच्या वजनकाट्यावर पाठवलं. जाताना त्यांनी स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले, "नामाला घाई करू नको रं. त्याला येळ लागतो." थोड्याच दिवसांत मी कायम झालो.

वजनकाट्यावरून निवृत्त होईपर्यंत ते मला दिसत राहिले. मी समोर आलो की एकच विचारत, "येतो का नामा येळेवर?" मी "हो" म्हणून पुढे निघे.

मग ते यंत्र भंगारात निघालं. हमालांनी दुसऱ्या डिस्कची पेटी टेंपोत आडवी टाकली तेव्हा मला खोलीत थांबवेना. त्या रविवारी मी कुंभिवलीला गेलो.

अण्णा एकटेच होते. दोन खोल्या, चुलीवर भात. भिंतीला चार पाट ओळीने उभे केलेले. बसायला म्हणून मी शेवटच्या पाटाला हात घातला.

"तो नको. तो नामाचा."

मी पाट होता तसा ठेवला. "कोण नामा?"

"भाऊ माझा. चौघांत धाकटा." ते भाताशी बोलावं तसं बोलत होते. "जमिनीचं कागद आलं तवा माथेरानला घोड्यामागं व्हता. त्याला सांगावा धाडला. पन हितं घाई. कंपनीवाले म्हनले, तू थोरला, तू सही कर, धाकटा मागनं करील. मी नाय थांबलो. त्यो आला तर शेतात कंपनीचं खांब रोवलेले. घरात पाऊल नाय टाकलं, तसाच वळला. मंग बाळाराम, काशिनाथ, ती बी पांगली. आमच्यात समदी बसल्याबिगर वाढायची रीत नव्हती रं. ती मी मोडली."

भात उतरवून त्यांनी त्यावर झाकण ठेवलं.

"म्हनलं, त्या पेटीत तरी थांबावं त्याच्यासाठी. तर तिथं बी माझ्याच हातानं त्याचं पुसलं गेलं. असतं अपेश एकेकाच्या हाताला. तू चा घेशील ना?"

घरून निघताना मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती बाजूला ठेवून मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमच्या हातानं काही पुसलं गेलं नाही. तुम्ही तापाने निजला होतात, त्या सकाळी नामा आला नव्हता. ते मला दिसलं होतं. साहेब होते, पाहुणे होते, म्हणून मी थांबलो नाही, वाढायला सांगितलं. तुम्ही आलात, थांबलात, आणि त्याला त्याच्या जागेवर बसवलंत. नोंदी त्याच्याखाली होत्या, शाबूत होत्या. चूक माझी होती, आणि ती मी तुमच्या नावावर राहू दिली. मला माफ करा, अण्णा."