रोकडे सरांचं रुसलेलं जोडपं

"मॅडम, रुसले बगा!" अशी हाक आली की मी समजायचे, आज पुन्हा डबा तसाच राहणार. रुसलेले असायचे रोकडे सरांचा फोन आणि त्यांचं ब्रेलचं मशीन.

आष्टीच्या आमच्या शाळेत रोकडे सर इतिहास शिकवायचे. जन्मापासून डोळ्यांनी अंध. एका संस्थेनं त्यांना ते मशीन दिलेलं. पाटीएवढं, वर लिहायला जाड बटणं, खाली एक पट्टी. पट्टीवर बारीक ठिपके वर यायचे आणि त्यावरून बोट फिरवून सर वाचायचे. फोनही भारी, बोलणारा. फोनवर आलेलं मशीनवर उमटायचं, पण दोघांची ती बिनतारी गाठ सारखी सुटायची. पुन्हा बांधायची तर फोन पडद्यावर एक प्रश्न विचारायचा. दिवसभर बडबडणाऱ्या त्या फोनला नेमका तेवढाच प्रश्न तोंडानं विचारता यायचा नाही. मग 'हो' दाबायला मी! घरी सासूचं नि नवऱ्याचं भांडण सोडवा, वर्गात पोरांचं सोडवा, वर हे जोडपं. जीव अगदी कावून जायचा.

शाळेच्या बैठकीत सर मशीन मांडीवर घेऊन गुपचूप गोष्टी वाचायचे आणि मधेच खो खो हसायचे. मुख्याध्यापकांना वाटायचं, आपला विनोद जमला. पुढं पुढं ते सरांना मुद्दाम पहिल्या खुर्चीत बसवायला लागले.

"अहो, फोन बोलतो ना? मग मशीन कशाला?" एकदा मी वैतागून विचारलं.

"बोलणाऱ्यावर आपला बिलकुल भरोसा न्हाई. बोटाखाली आलं का बराबर." चहात साखर टाकलीय म्हटलं तरी बोट बुडवून बघणारा माणूस!

सरांना बायको नव्हती. एकच मुलगी, सुनंदा. तिनं पुण्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा सर रागात म्हणाले, "पुन्हा या घरात पाय ठेवू नको." ती खरंच आली नाही. फोनही नाही. शेवटी सरांनीच कुढून कुढून तिला मेसेज टाकला, 'ये.' त्यालाही उत्तर नव्हतं. मशीन मांडीवर असायचं, पण सर बैठकीत हसेनासे झाले.

एका संध्याकाळी शाळा सुटली, मी जालन्याची बस गाठायला निघाले, तेवढ्यात फोन बोलला, "सुनंदा." सरांनी झडप घालून त्याचा आवाज बंद केला. मशीन लावलं. पट्टी सपाट.

"मॅडम, रुसले."

"बस जाईल हो सर! आणा, मीच वाचून दाखवते."

त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला. "न्हाई."

"मग फोनलाच बोलू द्या. कानाला लावा."

"त्याला तर बिलकुल न्हाई. कंपनीची जाहिरात आन् माझी पोरगी, दोघींचं एकाच आवाजात बोलतो तो. बोटाखाली आलं का आवाज तिचा येतो, मॅडम. म्हणून तं हे मशीन संभाळून राह्यलो."

मी पर्स खाली ठेवली. मशीनची बॅटरी काढली, घातली, फोनवर 'हो' दाबलं. नाही. पुन्हा काढली, पुन्हा घातली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मी मनातल्या मनात त्या फोनला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. आणि मग पट्टीवर ठिपके उठले.

सरांचं बोट एकदा गेलं. परत मागं आलं. पुन्हा गेलं.

"काय म्हणते?"

"विचारून राह्यली, बाबा, जेवलात का?" सरांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मग माझं बोट धरून पट्टीवर टेकवलं. "हे बगा. इथं. हे 'बाबा'."

मला नुसते टोचरे ठिपके लागले. बस निघून गेली होती.

"आला का आवाज?" त्यांनी विचारलं.

"आला, सर," मी म्हटलं.