नामंजूर शेंगदाणे

पावात केस सापडला तेव्हा बाईसाहेबांनी तो चिमटीत धरून थेट सूनबाईच्या ताटाशेजारी ठेवला आणि सरकारने तत्काळ हालचाल करावी, असा हुकूम सोडला.

सरकार म्हणजे सूनबाई. अन्नसुरक्षा खात्यात ती अधिकारी होती. अन्नात शिरणाऱ्या हजार घातक गोष्टींपैकी आधी कशाच्या मागे लागायचे, हे ठरवणे तिचे काम.

"आई, केस दिसतो, म्हणून काढून टाकता येतो," सूनबाई घास गिळत म्हणाली. "आम्ही आधी न दिसणारं शोधतो. ते किती घातक आहे, कशात किती सापडतं, आणि कोण किती वेळा खातं, हे तीन प्रश्न. लहान मुलं रोज खात असतील, तर त्याचा नंबर पहिला."

"म्हणजे केस चालतो तुमच्या खात्याला!"

"चालत नाही हो. रांगेत मागे आहे."

"माझ्या घरात घाणीला रांग नसते," बाईसाहेब कडाडल्या. "दिसली की हाकलली. पगार घेऊन रांगा कसल्या लावता?"

सूनबाई अर्धे ताट टाकून कामावर निघून गेली. दार आपटले नाही, हेच बाईसाहेबांना जास्त लागले.

बाईसाहेबांनी हयातीत कुणाची माफी मागितली नव्हती. चूक झाल्याची शंका आली, की त्या खायला पाठवत. समोरच्याने खाल्ले, की भांडण मिटले. त्यांनी मोठी काचेची बरणी काढली आणि स्वतः भाजलेल्या शेंगदाण्यांनी काठोकाठ भरली. या शेंगदाण्यांचा त्यांना फार अभिमान. वर्षाचे पोते एकदम घ्यायचे, कोपऱ्यातल्या कपाटात ठेवायचे, आणि रोज दुपारी नातीच्या ओंजळीत मूठभर घालायचे. नात साडेतीन वर्षांची. ती ओंजळ सांभाळत शहाण्यासारखी बाहेरच्या खोलीत जाई आणि रिकाम्या हातांनी परत येई. "माझ्या हातचं पोर कसं मुकाट्यानं खातं बघा," असे बाईसाहेब आल्यागेल्याला ऐकवत.

झाकणावर फडके घट्ट बांधून बाईसाहेब खात्याच्या कचेरीत पोहोचल्या. पहिल्याच खिडकीत एक कारकून बसला होता.

"हे आत पाठवा. आज, आत्ता," बाईसाहेब म्हणाल्या. "थोरांपासून धाकट्यांपर्यंत सगळ्यांना कळू दे, शेंगदाणा कसा असतो."

"आपलं नाव?"

"नाव सांगायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. आणि हे टेबल पुसा आधी. अन्नाचं खातं म्हणे!"

कारकुनाने टेबल पुसले. बाईसाहेबांनी बोट फिरवून पाहिले आणि पुन्हा पुसायला लावले.

आता त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता. वरिष्ठ कार्यालयातून कुणीतरी बाई अचानक तपासणीला येणार, अशी आठवडाभर कुजबुज होती. खिडकी तपासायचे नमुने घेण्याची होती, आणि सूनबाईनेच लावलेल्या क्रमात त्या महिन्यात पहिला नंबर शेंगदाण्यांचा होता. कारकुनाने उभे राहून नमस्कार केला, बरणीला सील ठोकले आणि 'तातडीचे' असा शिक्का मारून ती प्रयोगशाळेत धाडली.

संध्याकाळी सूनबाई घरी आली. शेंगदाण्यांबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"एवढी बरणी फस्त केली आणि तोंडातून ब्र नाही!" बाईसाहेब मुलाला म्हणाल्या. "कचेरीची माणसं ती कचेरीचीच."

"कसली बरणी?" मुलाने विचारले.

"तू गप्प बस. तुला घरातलं कधी काय माहीत असतं?"

तिसऱ्या दिवशी भरदुपारी दार वाजले. बाहेर हातमोजे घातलेले एक निरीक्षक आणि त्यांच्या मागे पांढरीफटक सूनबाई. आभार मानायला माणसे थेट घरी आली, हे पाहून बाईसाहेबांचा राग निवळला.

"या, बसा. आवडले ना शेंगदाणे?"

"आजी, ते कुणी खाल्ले नाहीत," निरीक्षक म्हणाले. "तपासले."

"तपासले? माझे?"

"वरिष्ठ कार्यालयाचा नमुना समजून. त्यात बुरशीचं विष निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर. आमच्या साहेबांनी आख्खी कचेरी कामाला लावली, पण नमुना आणणाऱ्या बाई कोण, ते वरिष्ठ कार्यालयालाही सांगता येईना."

"मग कारकून म्हणाला, त्या बाईंनी टेबल दोनदा पुसून घेतलं," सूनबाई म्हणाली. "तेव्हा मला कळलं."

"अगं, पण मी भाजते की!"

"भाजल्यानं बुरशी मरते, आई. तिचं विष राहतं. एका दिवसात काही दिसत नाही, पण रोज थोडं थोडं पोटात गेलं, की यकृतावर उठतं."

निरीक्षकांनी कोपऱ्यातले कपाट ओढले. मागे न्हाणीघराची भिंत, आणि ती हाताला गार, ओली लागत होती. पोत्याच्या तळाशी हिरवट बुरशी चढली होती.

"हे घरात कोण खातं?" निरीक्षकांनी विचारले.

"मी अधूनमधून. मुलगा कधीतरी." बाईसाहेब थांबल्या. लहान मुलं. रोज. पहिला नंबर. ते सूनबाईने ताटावर बसून सांगितले होते, आणि आपण केस धरून बसलो होतो. "आणि... आपली पोर. रोज. माझ्याच हातून."

सूनबाईने केव्हाच मुलीला उचलून घेतले होते. बाईसाहेब दाराजवळच्या खुर्चीत बसून चपला चढवू लागल्या. "डॉक्टरांकडे चला," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले, तेही हुकमासारखे नाही.

बाहेर पावसाची भुरभुर होती. गलका ऐकून आतून आलेल्या मुलाने दाराजवळच्या उभ्या पिंपातली जुनी छत्री ओढली आणि उंबऱ्यातच वर धरून उघडली.

शेंगदाण्यांचा सडा पडला! मुलाच्या डोक्यावर, निरीक्षकांच्या कॉलरीत, बाईसाहेबांच्या मांडीवर. किती महिन्यांचा साठा होता, देव जाणे.

"हे कुणी केलं?" बाईसाहेबांनी सवयीने विचारले.

आईच्या खांद्याआडून बारीक आवाज आला. "मी. कडू आहेत. तू रागावशील ना, म्हणून टाकते छत्रीत."

"सगळे?"

"सगळेच."

रागावण्याऐवजी बाईसाहेबांनी नातीला ओढून घेतले आणि पदर डोळ्यांना लावला. तरीही डॉक्टरांनी सगळ्यांना तपासले आणि काळजीचे कारण नाही म्हणून सांगितले. परतताना बाईसाहेब सूनबाईचा हात धरून चालत होत्या. आधार कुणी कुणाला दिला होता, हे पाहणाऱ्याला कळले नसते. "तू रांग लावलीस म्हणून बरणी उघडली गेली, बाळ," त्या हळूच म्हणाल्या. "फार उपकार झाले गं."

पोते गेले, भिंत दुरुस्त झाली. काही दिवसांनी शेजारीण तणतणत आली. "पावात पुन्हा केस! तुमची सून काय करते हो?"

"दिसणाऱ्याच्या मागे आमचं खातं धावत नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "काढून टाका आणि आधी घरातल्या ओल्या भिंती बघा."

मग त्यांनी नवे शेंगदाणे बशीत काढले, पहिली मूठ सूनबाईच्या हातावर ठेवली आणि एक दाणा नातीच्या तोंडात घातला. तिने तो बराच वेळ चावला. बाईसाहेब हात जोडून समोर उभ्या.

"मंजूर," नात म्हणाली.

तेव्हा कुठे घर खायला बसले.